दोन्ही दंडांत लस

माझा मुलगा लहानपणी इंजेक्शनला इतका भ्यायचा, की नागपूरच्या दवाखान्यात त्याला धरायला दोघं लागायची. मागच्या वर्षी तो फौजेत भरती झाला. ट्रेनिंगच्या पहिल्याच रविवारी त्याचा फोन आला.

“आई, काल दोन्ही दंडांत लस टोचली. इथं सगळ्यांले घ्याच लागते.”

“दुखून राहिलं का रे?”

“हातच वर होत नाही. आमच्या आधीच्या बॅचचा एक पोरगा आहे, तोच भरवून राहिला मले.”

मी हसून फोन ठेवला. मग जेवायला बसले, पहिला घास हातात घेतला. त्या अनोळखी पोराला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला आणि मला त्याचा हेवाही वाटला. माझ्या लेकाला स्वतःच्या हातानं भरवून मला कितीतरी वर्षं झाली होती.