पाचव्या पायाचा नट

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. मूळची इचलकरंजीची, वडिलांचं लेथचं दुकान, स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा. कोणी भुताखेताचं काढलं की वडील म्हणायचे, "आधी ग्रीस मारून बघा." लग्न होऊन तंजावूरला आले त्याला चौदा वर्षं झाली. सासरचे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी — घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. पण देवनागरी वाचता येणारी घरात मी एकटीच. म्हणून तर इथे मोकळेपणानं लिहितेय... घरचं कोणी वाचणार नाही.

नवरा कॉलेजात शिकवतो. ओरत्तनाडुच्या रस्त्याला आमची फॅब्रिकेशनची शेड आहे, ती मी आणि सासरे मिळून चालवतो. त्यांना मी मामंजी म्हणते. ट्रेलर, गेट, शेतीची अवजारं असं सगळंच करतो, पण अलीकडे जुन्या जीपना रोल केज बसवायचं काम जास्त येतं. गाडी उलटली तर आतल्या माणसाचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून बसवतात तो पाईपांचा सांगाडा. हौशी पोरं नदीच्या वाळूत, चिखलात गाड्या घालतात, त्यांना हा लागतो. यात एकच गोष्ट महत्त्वाची. केजचे पाय गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या मूळ लोखंडी चौकटीला, धरले पाहिजेत. नुसते बॉडीच्या पत्र्यावर ठोकले, तर गाडी उलटताना पाईप पत्रा फाडून खाली उतरतो आणि केज असून नसल्यासारखा होतो. मी आजवर एकही केज पत्र्यावर बसवलेला नाही. तेवढा माज मला आहे.

गेल्या वर्षी गोपी नावाचा मुलगा जीप घेऊन आला. पंचविशीचा, इथलाच मराठी, घरची नारळाची बाग. सहा पायांचा केज हवा होता. चासीला ब्रॅकेट वेल्ड करायचे, फरशीला भोकं पाडून वर-खाली जाड पट्ट्या द्यायच्या आणि प्रत्येक पायाला चार बोल्ट. आठ दिवसांत काम उरकलं.

आता आमच्या शेडची एक पद्धत सांगते. कितीही मोठं काम असो, शेवटचा बोल्ट गाडीच्या मालकानं आवळायचा. मामंजींच्या वडिलांपासून हे चालत आलंय. ते म्हणतात, "तोवर गाडी आपली. मालकाचा हात लागला की त्याची." मी याला हसायचे. पण गिऱ्हाइकाला मजा वाटते, म्हणून चालू ठेवलं. पाचव्या पायाचा, म्हणजे मागच्या डाव्या पायाचा, एक बोल्ट ठेवला होता. मामंजींनी लिंबू कापलं, कुंकू लावलं आणि गोपीनं टॉर्क रेंच फिरवला. ठरलेला जोर आला की हा पाना टक् करतो, तसा त्यानं केला. मी नटापासून पट्टीपर्यंत पांढऱ्या मार्करनं सरळ रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, एवढाच तिचा उपयोग. रंग पूर्ण वाळावा म्हणून गाडी दोन दिवस शेडमध्येच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाकीच्या तेवीस बोल्टांच्या रेघा सरळ, आणि त्या एकाची तुटलेली. नट पाव फेरा ढिला.

मला राग आला तो स्वतःचा. म्हटलं, पाना नीट बसला नसेल. पुन्हा आवळला, पुन्हा रेघ. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच... तेवढाच पाव फेरा. एक लक्षात घ्या, हे नायलॉकचे नट. आत नायलॉनची कडी असते. चालत्या गाडीतसुद्धा ते सहजासहजी सुटत नाहीत, आणि ही जीप तर जागची हललीही नव्हती.

मग माझं डोकं फिरलं. नट बदलला, बोल्ट बदलला. हा नट काढून पहिल्या पायाला लावला, पहिल्याचा इथे आणला. पहिल्या पायावर तो गुमान बसला, आणि इथे आलेला सुटला. आटे साफ केले, ब्रॅकेटला तडा आहे का म्हणून रंग खरवडून भिंग लावून पाहिलं. काही नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं, तर उभी जीप आणि आमचं मांजर. जेवण जाईना. दर अर्ध्या तासाला उठून गाडीखाली शिरायचं आणि बॅटरी मारून रेघ बघायची, असा नादच लागला. नवरा म्हणाला, "अगं, एकच तर नट आहे!" त्याच्यावर मी एवढी ओरडले की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी रेघ बघितली, सरळ होती. शेडच्या एकुलत्या एका दारातच स्टूल टाकून दहीभात खाल्ला. आत कोणी नाही, मला ओलांडून कोणी गेलं नाही. डबा बंद केला, हात धुतले, खाली वाकून बघितलं... रेघ तुटलेली. 

इकडे गोपीचा रोज फोन. "अक्का, आज देता का? शनिवारी आमची ट्रिप आहे." अशी गाडी मी कशी देणार? एक नट सुटला म्हणून केज लगेच कोसळत नाही, हे मला कळतं. पण का सुटतोय ते माहीत नसताना, पोराला तिच्यात बसवून वाळूत पाठवायचं? मी "थांब" म्हणत राहिले.

शेवटी मामंजींनी गाडीचे कागद मागितले. मला काही विचारलं नाही, चष्मा लावून शांतपणे वाचले आणि म्हणाले, "सुनंदामा, ही गाडी गोपीची नव्हे. मोहनच्या नावावर आहे. आपण भलत्याच हातानं बोल्ट आवळून घेतला."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. मोहन म्हणजे गोपीचा थोरला भाऊ. गोपी येण्याच्या दोन वर्षं आधी हीच जीप घेऊन तो माझ्याकडे आला होता. मामंजी तेव्हा गावाला गेले होते. मोहनला केज हवा होता, तोही चार दिवसांत. पोंगल तोंडावर, हातात तीन ट्रेलर, मी वैतागलेली. म्हटलं, "पोंगलनंतर या." तो म्हणाला, ट्रिप त्याआधी आहे. मी म्हणाले, "मग तशीच न्या. केज नाही म्हणून कोणी मरत नाही."

ट्रिपच्या दिवशी कालव्याच्या बांधावरून जीप घसरली आणि उलटली. वेगही नव्हता म्हणे. मोहन जागीच गेला. गोपीनं गाडी शेडमध्ये आणली तेव्हा मी ती पाहताक्षणी ओळखली होती, आणि गप्प बसले होते. हा केज मी जरा जास्तच जीव ओतून केला, एवढंच.

मोहनच्या माघारी गाडी वहिनीची, म्हणून मामंजींनी गोपीला फोन करून तिला आणायला सांगितलं. मोहनची बायको वत्सला. गोपीच्या स्कूटरवर मागे बसून आली. तिशीतली, डोक्यात एक जाईचा गजरा. गोपीनं सांगितलं होतं की वहिनीनं त्या गाडीला दोन वर्षांत हातही लावलेला नाही. ती केजकडे बघत राहिली. मग पाईपवर हात ठेवून मला विचारलं, "अक्का, हा तेव्हा असता तर ते वाचले असते काय?"

"नक्की सांगता येत नाही" असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. कुठलाही मेकॅनिक तेच देईल. गोपी माझ्याकडे बघत होता, मामंजी जमिनीकडे.

"होय, वाचले असते," मी म्हटलं. "आणि ते आले होते माझ्याकडे. मीच परत पाठवलं. वाईट बोलून पाठवलं."

 वत्सला दचकली नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "घरी येऊन सांगितलं त्यांनी. हसत होते. म्हणाले, कोल्हापूरकडली बाई आहे, तोंड तिखट, पण काम चोख. पोंगल झाला की तिच्याकडूनच करून घेऊ."

 मी टूलबॉक्सवरच बसले आणि रडले, सगळ्यांसमोर. वत्सलानं पाना उचलून विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवायचं?" मी दाखवलं. तिच्या हाताला जोर पुरेना, गोपी मदतीला पुढे झाला तर मानेनंच नको म्हणाली. दोन्ही हातांनी दाबत राहिली, शेवटी पाना टक् झाला. रेघ मी ओढली.

तो नट त्यानंतर सुटलेला नाही. आठ दिवस गाडी ठेवून घेतली, रोज बघितलं. आता गोपी दर दोन महिन्यांनी जीप तपासायला आणतो. वाळू, चिखल, दगड, सगळीकडून फिरून आलेली असते आणि रेघ जशीच्या तशी. मामंजी म्हणतात मालकाचा हात लागला, विषय संपला. मला ते पटत नाही. पण मग काय, तेही सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा... फक्त आटे खराब असतील असं लिहू नका, आटे मी स्वतः तीनदा तपासलेत.

वत्सला त्या दिवशी जाताना एवढंच म्हणाली, "येते अक्का." माफ केलं असं म्हणाली नाही. मीही मागितली नाही माफी, तेवढी हिंमत मला झाली नाही.