विसळायची सवय

लेकीच्या दंडातला स्नायूचा तुकडा काढून डॉक्टरांनी तो इवल्याशा बाटलीत घातला आणि बर्फाच्या थर्मासमधून लॅबमध्ये न्यायला सांगितला. तिथे पोचून मी बाटली बाहेर काढली, तर ती रिकामी. घाईत चुकीची दिली असणार, असं वाटलं. कुणाचंही भांडं परत करायचं तर विसळून करायचं, ही माझी जन्माची सवय. झाकण फिरवत मी नळाकडे वळले, तोच लॅबमधल्या बाईंनी माझं मनगट पकडलं.

"ताई, तुकडा आत आहे."

त्यांनी बाटली उजेडात धरली. आत तळाशी तिळाहूनही लहान काहीतरी चिकटलं होतं.

"एवढ्यातून कळेल?"

"स्नायूला बळ देणारं कुठलं प्रथिन किती कमी आहे, ते मोजता येतं. याचा अर्धासुद्धा लागणार नाही."

सोळा वर्षं मी तिला वाढवलं, आणि "पाय उचलत नाहीत" म्हणत जिना चढताना मध्येच बसते म्हणून आळशी म्हटलं. तिचं म्हणणं त्या कणात होतं, आणि तेही मी नळाखाली धरणार होते.

त्यांनी थर्मास परत दिला. घरी आल्यावर तो विसळायला माझा हात धजेना.