काठी ऐकू येईल असा हेडफोन

तीन हजारांच्या आत, गेमही खेळता येईल आणि गाणंही ऐकता येईल असा हेडफोन सुचवा, असं मी ऑफिसात चार जणांना म्हटलं आणि चारही जण हसले. हसणारच म्हणा. चोपन्न वर्षांचा बँकेतला माणूस, डोक्यावर केस नाहीत, डब्यात स्वतःच्या हातची मुगाची खिचडी, आणि याला म्हणे गेमिंगचा हेडफोन! एका सहकाऱ्यानं मला वाचवायचा प्रयत्नही केला. ‘बेटे के लिए होगा, है ना दादा?’ मी म्हटलं, बेटा नाही, बेटी आहे, आणि तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीच हवाय. पुढे कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी खरं कारण मी सांगितलं नसतं. मला वडिलांची काठी ऐकायची होती.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली कोलकात्याला झाली. मुलीची दहावी तोंडावर, अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं वय ऐंशीच्या पुढे, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. बायको, मुलगी आणि अण्णा नाशिकला राहिले आणि मी तिथल्या विमानतळाजवळ, डमडमला, एका वयस्कर बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. त्यांना मी मासीमा म्हणतो. डोक्यावरून विमान गेलं की मासीमा बोलायच्या थांबतात आणि ते लांब गेलं की अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करतात.

मुलगी फोनवर तीनच शब्द बोलायची: हं, बरं आणि ठेवते. पण गेम खेळताना तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो हे मला एका दिवाळीच्या सुट्टीत कळलं. मग काय, मीही शिकलो. संध्याकाळी सात ते आठ ती तिथे, मी इथे, दोघं एका पडक्या शहरात बंदुका घेऊन फिरायचो. मी भयंकर वाईट खेळतो. ‘अरे बाबा, मागे! मागे बघ ना! पावलं ऐकू येत नाहीत का तुला?’ नव्हती येत. मोबाइलबरोबर आलेला इयरफोन होता माझा, त्यात सगळंच एका डब्यात कोंबल्यासारखं वाजायचं.

मला मात्र वेगळंच काही ऐकू यायचं. तिचा माइक सतत चालू असायचा. गेममधले आवाज डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून येतात, पण तिच्या माइकवरून येणारं नाशिकचं घर थेट माझ्या डोक्याच्या मधोमध वाजायचं. कुकरच्या शिट्ट्या. पंख्याची कुरकुर. बायको कोणाला तरी ‘दार लोटून घ्या’ म्हणतेय. मी नसलेलं माझं घर. पहिल्या काही दिवसांत मला त्याची भीतीच वाटली, खोटं कशाला बोलू. मेल्यानंतर माणसाला घर असंच ऐकू येत असेल, असं काहीतरी मनात यायचं.

आणि साडेसातला अण्णा त्यांच्या खोलीतून गॅलरीत जायला निघायचे. काठीचं रबरी बूच झिजून गेलेलं, नवीन लावू द्यायचे नाहीत. त्यामुळे ठक्, मग सपाता घासल्याचा आवाज, मग ठक्. मुलीच्या दाराशी थांबून म्हणायचे, ‘काय गं, जिंकलात का?’ आणि मग, ‘त्याला म्हणावं, वेळेवर जेव.’ बास. माझं आणि त्यांचं फोनवर बोलणं जवळजवळ नव्हतंच. भांडण वगैरे नव्हतं हो. त्यांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही आणि मासीमांच्या डोक्यावर उभं राहून ओरडायची मला लाज वाटायची. काठी ऐकली की माझा दिवस पुरा झाला.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्या बहुतेक घरांत तो असतोच. बाहेरगावी असलेल्या माणसाला काळजीचं काही कळवायचं नाही. आमच्याकडे हा नियम अण्णांनीच घातलेला. त्यांचीही उभी नोकरी गावोगाव फिरण्यात गेली. ‘तो तिथून काय करणार आहे? उगाच जिवाला घोर,’ असं ते म्हणायचे. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला, आठवडाभर मासीमांनी पेज पाजली, पण घरी मी सांगितलं ते सगळं बरं झाल्यावर. बायको चार दिवस धड बोलली नाही. मग तिनं मुलगी स्कूटीवरून पडल्याचं महिनाभर लपवलं आणि फिटंफाट केली. रोजच्या फोनवर मी म्हणतो, सगळं ठीक? ती म्हणते, सगळं ठीक. याला आम्ही बोलणं म्हणतो.

मार्चमधल्या एका सोमवारी मुलीचा निरोप आला की नेट गेलंय, आज नको. मंगळवारी खेळलो. साडेसात वाजून गेले, काठी ऐकू आली नाही. बुधवारीही नाही. आम्ही त्या संध्याकाळी चक्क दोन डाव जिंकलो आणि दाराशी येऊन कोणी विचारलं नाही.

दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, अगं, आजोबा कुठे आहेत? पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या जिभेवर आलेही होते. पण विचारलं की उत्तर येणार, आणि ते ‘सगळं ठीक’ असं आलं तर ते खोटं आहे हे मला कळणार. मी घाबरलो होतो. मग मी काय केलं? इयरफोनला दोष दिला. स्वस्तातला माल, बारीक आवाज पकडत नसणार. ते अॅपच मागचे आवाज गाळून टाकत असणार. कुकरची शिट्टी बरी गाळत नव्हतं!

शनिवारी बँकेला सुट्टी होती. मेट्रोनं कोलकात्यातल्या चांदनी चौकात उतरलो आणि तिथल्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात शिरलो. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी माझी मागणी सांगितली. तो शांतपणे म्हणाला, ‘दादा, गेम भी, गाना भी और सस्ता भी, थोड़ा तो छोड़ना पड़ेगा.’ पहिला त्यानं काढला तो निळे-जांभळे दिवे लागणारा. मी म्हटलं, कानावरचे दिवे मला दिसणार आहेत का? तो हसला आणि तो ठेवून दिला. मग त्यानं समजावून सांगितलं. ज्यात धडाम-धुडूम जास्त, त्यात स्फोट भारी वाटतात पण पावलं बुडतात. गाण्याला आणि पावलाला मधले आवाज मोकळे लागतात. बिनतारी घेऊ नका, तेवढ्या पैशात आवाज मागे राहतो. दिवे नसलेला, साधा काळा, तारेचा घ्या.

ऐकून बघायला त्यानं गाणं लावायला सांगितलं. मी मोबाइलवर तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, अर्धं मिनिट ऐकल्याचं नाटक केलं, आणि मग जे लावायला आलो होतो ते लावलं. मुलगी आमचे डाव रेकॉर्ड करून पाठवायची, त्यातला जानेवारीतला एक. तीन हेडफोनांवर तोच तुकडा ऐकला. पहिल्यात काठी गोळीबारात बुडाली. दुसऱ्यात ठक् आलं पण सपाता नाहीत. तिसऱ्यात सगळं आलं. ठक्, घासणं, ठक्, दाराशी थांबणं, आणि बोलायच्या आधीचा अण्णांचा श्वाससुद्धा. भर दुपारी, त्या गर्दीच्या दुकानात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

‘क्या सुन रहे हैं इतना?’ म्हणत दुकानदारानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. ‘लाठी है. पिताजी?’

‘हां.’

‘कैसे हैं?’

त्या आठवड्यात हा प्रश्न कोणीतरी पहिल्यांदा विचारला होता. मी म्हटलं, ‘ठीक हैं,’ आणि पैसे दिले.

परतीच्या मेट्रोत तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत आलो. डमडमला उतरून हेडफोन काढून पिशवीत टाकला, जिना उतरायला लागलो, आणि पाठीमागे काठी वाजली. शप्पथ सांगतो, मी थांबून मागे वळून पाहिलं. कॉलेजची पोरं होती, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका होत्या. काठी कोणाकडेच नव्हती.

त्या संध्याकाळी नव्या हेडफोनात घर लख्ख ऐकू आलं. फोडणीत मोहरी तडतडलेली कळली. बायकोच्या बांगड्या कळल्या. मुलीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे मला त्या घरात इतकी वर्षं राहून कधी कळलं नव्हतं, ते कळलं. साडेसात झाले, पावणेआठ झाले. ‘बाबा, समोर!’ मुलगी ओरडली. मी समोर बघतच होतो. आता हेडफोनला दोष द्यायची सोय उरली नव्हती.

तरीही मी विचारलं नाही. ‘सगळे जेवलात का?’ असं विचारलं. ‘हो, सगळे जेवलो,’ मुलगी म्हणाली, जरा घाईनंच. रविवारी विचारलं, ‘गॅलरीत ऊन येतं का अजून?’ ‘येतं.’ सोमवार, मंगळवार, बुधवार. मी खेळायचो म्हणजे काय, स्क्रीनकडे तोंड करून ऐकत बसायचो. एकदा खोकला ऐकू आला, जीव भांड्यात पडला, आणि मग तो बायकोचा निघाला. मुलगीही हल्ली नीट खेळत नव्हती. नेमच लागत नव्हता तिचा.

गुरुवारी दाराची बेल वाजली आणि माझ्या मेव्हण्याचा आवाज आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, संध्याकाळी सहज डोकावण्यातला नव्हे. ‘चल ताई, आठनंतर वर सोडत नाहीत. काचेतून का होईना, बघून येऊ.’ बायको म्हणाली, ‘हळू बोल ना, हिचा माइक चालू असतो.’ खट्. पुढे शांतता. डोक्याच्या मधोमध चाललेलं माझं घर बंद झालं. स्क्रीनवर मला कोणीतरी गोळी घातली.

मी फोन लावला. बायकोनं उचलला आणि हॅलोसुद्धा म्हणाली नाही. ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ मग सगळं बाहेर आलं. नेट गेलं होतं त्या सोमवारी अण्णा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण मग छातीत कफ साठला आणि आदल्या दिवशी त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. मला कळवायचं नाही, हे पडल्या पडल्या त्यांनीच बजावलं होतं. मागून मुलगी रडत होती. ‘आई म्हणाली रोज खेळ, नाहीतर बाबाला संशय येईल.’

सकाळच्या पहिल्या विमानानं मुंबई, तिथून टॅक्सीनं नाशिक. मी पोचलो तेव्हा अण्णांच्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले. मी हात धरला, हाका मारल्या, चांगला मोठ्यानं ओरडून हाका मारल्या, लाज न बाळगता. नर्स येऊन ओरडू नका म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी परत निघायच्या आदल्या दिवशी बायको आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, ‘एक बरं झालं हो, त्यांच्या मनासारखं झालं. रोज संध्याकाळी डबा घेऊन गेले की पहिलं विचारायचे, त्यानं विचारलं का माझं? मी म्हणायची, नाही अण्णा, काही विचारलं नाही, त्यांना काहीच कळलेलं नाही. मग म्हणायचे, बरं झालं, आणि शांत व्हायचे.’

‘रोज?’ मी विचारलं.

‘रोज. नळी घालायच्या आधीचे दोन दिवस मात्र बरं झालं असं नाही म्हणाले. मी म्हटलं, नाही विचारलं, तर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आजही नाही?’

तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दुसरी दोन धरून मागे सरकली. अण्णा पडल्यावर तिसऱ्याच संध्याकाळी मला कळलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.