सिस्टर आणि माझ्या तीन गाठी

सिस्टरांच्या पाया पडायला वाकलं, की आशीर्वाद देण्याआधी त्या हनुवटी धरून तोंड वर करायच्या आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायच्या. लग्नाचा मांडव असो, बाजार असो, एसटीचा थांबा असो. आत लाल दिसलं तर पाठीवर थाप, पांढरं दिसलं तर चारचौघांत चौकशी. माझी पापणी त्यांनी कर्जत स्टेशनबाहेरच्या टमटममध्ये ओढली. "पांढरीफटक हायेस गं बाय! किती दिस अंगावरनं जातं तुजं?" समोर माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील बसले होते. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

खालापूरकडच्या एका उपकेंद्रात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. माझ्या सासूबाईंच्या माहेरगावच्या त्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे. नव्वदीची म्हातारीसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायची. साठीतच कमरेतून पार वाकल्या होत्या, पण चालायला लागल्या की आम्हाला मागे टाकायच्या.

खरं तर आठ महिने मी सगळं लपवून ठेवलं होतं. गडद साड्या, पर्समध्ये कपड्यांची घडी, वर्गात बसून शिकवणं. नवऱ्याला सांगायचे, दमले रे जरा. गाठ हा शब्दच मला नको होता. भिसेगावात माहेरी आमच्या शेजारच्या काकूंना गाठ निघाली आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. तेव्हापासून गाठ म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि आता तर तो सिस्टरांनी करायला लावलेल्या सोनोग्राफीतच दिसला. एक नाही, तीन. सगळ्यांत मोठा मोसंबीएवढा.

"डॉक्टर लोकांना फळंच आठवतात," सिस्टर रिपोर्ट लांब धरून म्हणाल्या. "ही फायब्रॉइडची गाठ. मांसाची. त्या तुज्या काकूची निराळी. ही बहुतेक करून कॅन्सरची नसती. पन बहुतेक म्हंजे काय, ते डॉक्टरला विचार. मी नर्स हाय, देव नाय."

गावातल्या पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर वर न करता विचारलं, "वय?" म्हटलं, पस्तीस. "मुलं?" म्हटलं, नाहीत अजून. "लग्नाला सहा वर्षं झाली ना? मग आता कुठली व्हायला? पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा." मी मान डोलावली. अशा वेळी माझी मान आपोआप डोलते. मास्तरीण असून वर्गाबाहेर मला प्रश्न सुचत नाहीत.

सासूबाईंना तर हायसंच वाटलं. आमच्या भिवपुरीकडच्या गावात बायका पिशवी काढायला जोडीने जातात. भात घरात आलं, की दोन जावा नाहीतर नणंद-भावजय, एकाच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर. डबा एक, सोबतीला बाई एक, परत आल्यावर अंथरुणंही एकाच खोलीत. एकटी गेली तर आजारी म्हणतात. जोडीने गेल्या तर उरकून आल्या म्हणतात. माझ्या मोठ्या जाऊबाई चव्वेचाळीसच्या, त्यांनाही तोच त्रास. त्यांनी माझा हात धरला. "तू असशील तर मी जाईन गं. एकटीनं माज्यानं नाय व्हायचं." मी त्यांनाही हो म्हटलं. मग आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला मूल हवं होतं. सहा वर्षं होऊन गेली तरी हवं होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटत होती.

ही बातमी सिस्टरांना कशी कळली देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाजीच्या टेंपोत बसून हजर. "घाबरलेल्या बाईनं हो म्हनलं तर ते हो धरू नये," सासूबाईंना त्यांनी दारातच ऐकवलं. मग मला वही काढायला लावली. नाही केलं तर काय होईल? दुसरा उपाय कोणता? तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत? एवढेच प्रश्न. आणि ताकीद अशी, की पहिला डॉक्टर काय म्हणाला ते दुसऱ्याला अजिबात सांगायचं नाही, नुसता रिपोर्ट पुढे ठेवायचा.

एका मोठ्या दवाखान्यात माझा दुसरा प्रश्न ऐकून डॉक्टर म्हणाले, "एवढं कळतं तर तुम्हीच करा ऑपरेशन." सिस्टर उठल्या. "चल गं." जिन्यात म्हणाल्या, "जावयाचं रूप बघावं, डॉक्टरचे कान बघावेत." मला मात्र वाटत होतं, आपण भांडून आलो, आता आपल्याला कुणी हात लावणार नाही.

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. गोळ्यांनी रक्तस्राव कमी होईल, गाठी जाणार नाहीत. मूल हवं असेल तर फक्त गाठी काढता येतील, पण आधी रक्त वाढवायचं. गाठी पुन्हा येऊ शकतात, मुलाची हमी नाही. आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबलंच नाही, तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. त्यावर आधीच सही करायची. सरळ बोलल्या, पण ते शेवटचं वाक्य मला वहीत उतरवता आलं नाही. म्हणजे पोट उघडून घ्यायचं आणि जागं होईपर्यंत कळायचं नाही, पिशवी आहे की गेली.

घरी येताना मी सिस्टरांच्या अक्षरशः गळी पडले. "तुम्हीच सांगा ना काय करू."

"मी नाय सांगनार." मग म्हणाल्या, "मी तीस वर्षांची होते. जरासं पोट दुखायचं, बाकी काय नाय. माज्या जावंची पिशवी काढायची होती, आनि ती एकटी जाईना. म्हनलं चल, मी येते जोडीला. माजी बी काढली. अंडाशयासकट. एक लेक होती, पुरे म्हनलं. नर्स होते गं मी! एक प्रश्न नाय विचारला. तिशीत म्हातारी झाले, हाडं झिजली. ही कंबर तवापासूनची."

त्या रात्री नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, मला फक्त गाठी काढायच्या आहेत. तो म्हणाला, "मग तसंच करू." जाऊबाई मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत. "टाकलंस ना मला एकटीला!" सिस्टर त्यांनाही घेऊन पनवेलला गेल्या, त्यांच्याही हातात प्रश्न दिले. जाऊबाईंनी सगळं ऐकून पिशवी काढायचंच ठरवलं, आणि अंडाशय ठेवायला सांगितलं. "तिचं बी बरोबर, तुजं बी बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "दोघींनी आपापलं ठरवलं."

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी कागदावरची सही माझीच आहे हे ओळखू येणार नाही, अशी आली. शुद्धीवर येताना घसा कोरडा पडला होता, विचारायचं होतं आणि जीभ हलत नव्हती. कानाशी सिस्टरांचा आवाज आला. "हाय गं. जागेवर हाय." तेव्हा मी रडले तशी पुन्हा कधी रडले नाही.

मूल अजून झालेलं नाही. होईल की नाही माहीत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जाते आणि दर वेळी तितकीच घाबरते.

गेल्या वर्षी सिस्टर मोरीत नुसत्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडं पार ठिसूळ झाली होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "भीती वाटती गं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, मी आहे, बोला. ऑपरेशनमधून त्या उठल्या नाहीत, चौथ्या दिवशी गेल्या. पण त्या संध्याकाळी, डोळे मिटून, त्यांनी एवढंच सांगितलं, "तवा बी लई भीती वाटत होती. बाजूच्या खाटेवर जाऊ होती, म्हनून नाय बोलले."