सुखी आहे म्हणा

तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिच्या तोंडाला कधी कुलूप नाही. आता कापडगिरणीत मागांचा एवढा खडखडाट की कानाशी ओरडलेलंही ऐकू जायचं नाही. तिथे बडबड करायची कशी? तर नुसते ओठ हलवून. गिरणीतल्या सगळ्याच बाया अशा बोलत. टकळीने आणि समोरच्या मागावरच्या मैत्रिणीने पोरांची लग्नंसुद्धा अशीच जुळवली.

गिरणी काही स्वर्ग नव्हती, उगाच गळा काढू नये. छातीत कापूस जायचा, मुकादम शिव्या घालायचा. मग देश पुढे निघाला, गिरणी विकली गेली, तिथे काचेचा मॉल उभा राहिला आणि दोघी त्याच जागेवर फरशी पुसायला लागल्या. गार हवा, अत्तराचा वास. फक्त बसायचं नाही आणि आपसात बोलायचं नाही! माणसं ठेवलीत की खांब?

मैत्रिणीचे गुडघे सुजलेले. एका दुपारी ती जिन्याच्या पायरीवर जरा टेकली, तर मॅनेजरने, त्या कालच्या पोराने, तिला उभ्या उभ्या काढून टाकलं.

त्याच आठवड्यात कॅमेरा आला. दारावरच्या मोठ्या पडद्यावर 'आमची आनंदी माणसं' दाखवायची होती. लाज कशी ती नाहीच!

"मावशी, हसत हसत म्हणा, मी इथे सुखी आहे," मॅनेजर म्हणाला. "आवाज नाही घेणार, वरून गाणं टाकू."

टकळीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल तिच्या एकटीच्या पगारावर. ती गोड हसली आणि तिने ओठ हलवले.

पडद्यावर टकळी दिसू लागली तशा वस्तीतल्या जुन्या विणकरणी रस्त्यात थबकू लागल्या. कोणी तोंडावर हात धरून हसे, कोणी डोळे पुसे. गाणं मजेत वाजत होतं आणि टकळी हसत हसत सांगत होती, "दुखऱ्या गुडघ्यांची बाई हाकलली या मेल्यांनी. वर सुख विचारतात! जळ्ळं तुमचं सुख!"

गर्दी बघून मॅनेजर खूश. टकळीला दाराबाहेर आणून म्हणाला, "मावशी, कमाल केलीत! असं काय बोललात हो?"

गर्दीत मैत्रीण उभी होती, कठड्याला धरून. तिचे ओठ हलले, "गप बस, बये. नोकरी जाईल."

टकळीने तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे वळून, एकही शब्द न गाळता, तिने ते सगळं खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं.