फळ्यावरून पुसलेलं बरोबर वाक्य

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

पुसदच्या एका शाळेत मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. गावात लोक मला चालती डिक्शनरी म्हणत, आणि मला ते आवडायचं — फार आवडायचं. आमच्याकडे रोज परिपाठाला प्रार्थना झाली की एक मूल फळ्यावर इंग्रजी वाक्प्रचार लिहून अर्थ सांगायचं. एके दिवशी आठवीतल्या वर्षाने लिहिलं, 'आय कुडन्ट केअर लेस'. अर्थ सांगितला — मला काडीचीही पर्वा नाही. मी सगळ्या शाळेसमोर पुढे झालो, त्यातला नकार पुसला आणि नुसतं 'कुड' ठेवलं.

"माह्या पुस्तकात तं असंच हाय, सर," ती म्हणाली.

"तुले पुस्तक शिकवून राह्यलं, का मी?"

पोरं हसली. तीही हसली, कसनुशी.

मधल्या सुट्टीत मी कोश उघडला. वर्षाचंच बरोबर होतं, नकार हवाच होता. मग काय केलं मी? कोश मिटला आणि डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी परिपाठात एक वाक्य बोललो असतो तर काय बिघडलं असतं माझं? पण उद्या-उद्या करता करता ती दहावी होऊन गेलीसुद्धा. पोरं विसरतात, असं म्हणत राहिलो.

गेल्या वर्षी महागावकडच्या एका शाळेने पाहुणा म्हणून बोलावलं. बोलावणारी इंग्रजीची बाई म्हणजे वर्षाच. पाया पडली, कौतुकाने वर्गाच्या वह्या पुढे ठेवल्या. मी वरचीच उघडली. कुण्या पोरीने तेच वाक्य लिहिलं होतं, नकारासकट, अगदी बरोबर. त्यावर लाल काट.

"तुमीच शिकवलं होतं, सर. पोरायले अजून तेच सांगून राह्यली मी."

मी तिला गप्प केलं, एवढंच मला माहीत होतं. हातात पुस्तक असताना तिने माझं खरं मानलं असेल — हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किती वर्गांना सांगितलं असेल? खोलीत आम्ही दोघंच होतो. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं.

मी "शाब्बास" म्हणालो. मग तिने शेरेबुक पुढे केलं. त्यात मी लिहिलं — मुलांचा इंग्रजीचा पाया भक्कम आहे — आणि खाली झोकात सही केली.