फळ्यावरची सहावी ओळ

राजमहंमद लोणावळ्याहून रोज सकाळच्या गाडीने तालुक्याच्या कचेरीत यायचा आणि दप्तरखोलीचं कुलूप काढायचा. हुद्दा शिपायाचा, पण लाल कापडात बांधलेले जमिनीच्या कागदांचे गठ्ठे पंधरा वर्षांत त्याच्या अंगवळणी पडले होते. अंधारात औंढे गावाचा गठ्ठा काढायला सांगा, उर्से गावाचा यायचा नाही.

खिडकीबाहेर एक फळा होता. जुना कागद शोधून हवा असेल, तर चिठ्ठी कशी लिहायची ते त्यावर लिहिलेलं. 'अर्जदाराने अभिलेखाचा तपशील यथास्थित नमूद करावा.' लोक त्या फळ्याला दुरूनच नमस्कार करायचे आणि सुचेल ते लिहून चिठ्ठी आत सरकवायचे. गाव, नाव, साल गठ्ठ्यातल्या कागदाशी जुळलं तर कागद मिळायचा. नाहीतर चिठ्ठीवर शिक्का, 'आढळ होत नाही'. तो मारायचं काम राजमहंमदचं.

"साहेब, लोकांना फळा कळत नाही," तो एकदा म्हणाला.

"एवढा कळवळा असेल तर तूच लिही," अव्वल कारकून म्हणाले. हा टोमणा होता. राजमहंमदने तो हुकूम मानला.

महिनाभर तो घरी लिहीत होता. उम्मेहानीला, बायकोला, वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिलाच वाचून दाखवायचा.

"अभिलेख म्हणजे काय?"

"कागद."

"मग कागद म्हणा की. कुणाला घाबरता?"

ती जिथे अडेल तो शब्द जायचा. पाच ओळी झाल्या. मग तिनेच विचारलं, "शेजारच्या सरूबाईचं नाव लग्नात बदललं. तिनं कुठलं लिहायचं?" राजमहंमदने कागद पुढे ओढला. मग त्याने सहावी ओळ लिहिली: 'कागद लग्नाआधीचा असेल तर बाईने माहेरचं नाव लिहावं.'

कारकुनांनी मजकूर वाचला, चष्मा पुसला आणि सहाव्या ओळीवर काट मारली. "सरकारी फळा आहे. बायकांची माहेरं कशाला यात?"

पाच ओळींचा फळा लागला. पावसाळ्यानंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी तो मोठ्याने वाचला आणि कारकुनांची पाठ थोपटली. चहाचा ट्रे धरून राजमहंमद मागे उभा होता. नाटकात पहारेकऱ्याला वाक्य नसतं, तसा.

त्याच आठवड्यात औंढ्याच्या वरच्या वाडीतली बायडाबाई आली. ती पोर असताना बापाने टेकाखालचा तुकडा तिच्या नावाने करून दिला होता. बाप गेला. आता भाऊ कान्हू सगळी जमीन एका बंगलेवाल्याला विकायला निघाला होता. महिनाअखेरच्या सुनावणीत कागद दाखवला, तरच तुकडा तिचा. बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने फळा वाचला आणि तिची चिठ्ठी फळ्याबरहुकूम, सासरच्या नावाने लिहिली: गाव औंढे, नाव बायडाबाई अंबाजी, साल १९३४.

राजमहंमदने गठ्ठा दोनदा चाळला. बाई, लग्न, नाव... त्याला शंका आली. तो खिडकीकडे वळला.

"राजमहंमद," कारकून मागून म्हणाले, "चिठ्ठी बघ. माणूस बघू नकोस."

त्याने शिक्का मारला.

दीड महिन्याने ती पुन्हा आली. कारकून रजेवर होते.

"भाऊ, येकदा आनिक बगा. बा खोटं बोलनारा न्हवता."

"मावशी, माहेरचं नाव काय तुमचं?"

"चिंगी. चिंगी सावळा. का वो?"

कागद निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चिंगी सावळा, टेकाखालचा तुकडा, खाली बापाचा अंगठा. त्याने तो खिडकीतून पुढे केला.

"सुनावणी कधी आहे?"

"झाली. गेल्या म्हैन्यात." अंगठ्याच्या ठशावर तिने बोट ठेवलं. "बंगलेवाल्यानं तारांचं कुंपन बी घातलं. मला त्याचा मानूस म्हनाला, मावशी, हितनं जाऊ नका." मग तिने वर पाहिलं. "हे नाव तवाच का न्हाई इचारलं?"

"फळ्यासाठी लिहिलं होतं, मावशी."

"मग कुटं हाय ते?"

ओळ खोडणारा हात दुसऱ्याचा होता, हे त्याला सांगता आलं असतं. पण चिठ्ठीवरचा शिक्का तर त्याच्याच हातचा होता.

"कागद घेऊन जा," तो म्हणाला.

"काय करू नेऊन? वाचता येत न्हाई." तिने कागद परत सरकवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. तुमाला तरी गावतोय."